अंगठा पोचेल तेवढीच नक्षी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, ते आमच्या बंदरावरच्या देवीच्या देवळातले गुरव. मी त्यांना काका म्हणत असे. रक्ताचं नातं काही नव्हतं. माझं गाव बंदरापासून आत, डोंगरालगतच्या भातशेतीचं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला मी बंदरावरच्या हायस्कुलात दाखल झालो, तेव्हा राहायला जागा नव्हती. काकांनी देवळामागच्या आपल्या खोलीची पडवी दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि बदल्यात देवीचं पितळ घासायला लावलं.

उपकार म्हटले की लोकांना वाटतं माणूस प्रेमळ असणार. काका प्रेमळ नव्हते. आळशी होते आणि तोंडाचे फटकळ होते. खांबाला टेकून विडी ओढत बसायचे आणि माझ्या कामाला नावं ठेवायचे.

“काय रं, ही समई घासलीस का चाटलीस?”

“घासली, काका.”

“मग ह्या गळ्यात काय तुझा बा बसलाय? काळं दिसतंय त्ये काय हाय?”

देवळाचा एक रिवाज होता. पुनवेच्या आदल्या दिवशी देवीजवळचं सगळं पितळ चिंचेने घासून निघालंच पाहिजे. समया, पंचारती, घंटा, तांब्या, आणि मूर्तीच्या पाठीशी उभी असते ती पितळी कमान, म्हणजे प्रभावळ. न घासलेलं पितळ देवीपुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, असं काका म्हणत. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा रात्रंदिवस गाभाऱ्यात शिरायचा. आज लखलखीत केलेलं पितळ आठवडाभरात तपकिरी पडायचं. त्यावर तेलाची काजळी, वर नारळाचं पाणी उडालेलं. चिंच कालवायची, नारळाच्या काथ्यावर घ्यायची, फारच काळं असेल तिथे विटकरीची भुकटी लावायची, आणि घासायचं.

ती जुनी प्रभावळ मला सर्वांत आवडायची, कारण तिने कधी त्रास दिला नाही. जाड, गुळगुळीत, आतले कोपरे गोल. वर सिंहाचं तोंड होतं, पण तेही फुगीर आणि उथळ, ओल्या चिकणमातीत दाबून काढल्यासारखं. अंगठा कुठेच अडायचा नाही. एका टोकाला लावला की दुसऱ्या टोकाला निघायचा. उलट कुणीतरी नवसाची म्हणून दिलेली एक पंचारती होती, तिच्या दांड्यावर नाग, नागाच्या फण्यावर फुलं, फुलांत भोकं. तिला मी मनापासून शिव्या द्यायचो. ती कधीच स्वच्छ झाली नाही, आणि तिच्यापायी बोलणी मात्र मीच खाल्ली.

प्रभावळीच्या पायथ्याशी, समोरच्या बाजूला, बोटाला काही उथळ खळगे लागायचे. डोळ्यांना काहीच दिसत नसे. एकदा मी विचारलं.

“काका, हितं काही लिहिलेलं होतं का?”

“आसंल. देणाऱ्याचं नाव आसंल.”

“कुणाचं?”

“मला काय म्हाईत? माझ्या आज्याच्या आधीच घासून गेला त्यो. तू हात चालीव.”

मॅट्रिक झालो, शिष्यवृत्ती मिळाली, मुंबईला जाऊन इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. माझ्या वडिलांना पदवी म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मुलाला आता चिखलात उतरावं लागणार नाही एवढं कळलं, आणि ते त्यांना पुरलं. काकांकडे पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “साहेब झालास. आता पितळ कोन घासनार?”

नोकरी लागली ती पुन्हा पितळेचीच. उरणच्या बाजूला खाडीकाठी एका शेठजींचा कारखाना होता. दारांच्या मुठी, कड्या, नळाच्या तोट्या, लाँचवर लागणारे कठड्याचे खांब, असा माल तिथे निघे. शेठजी मूळचे आमच्याच बंदरावरचे. गावचा मुलगा म्हणून त्यांनी मला ड्रॉइंगरूममध्ये घेतलं, आणि त्यांच्या जावयाच्या हाताखाली बसवलं.

हे जावई म्हणजे आमचे चीफ डिझायनर. दोन वर्षं विलायतेत राहून आले होते. तिथे काय शिकले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तिथे चहा कसा करतात ते दर चहाला सांगायचे. पेन्सिल फार सुरेख चालवायचे. कागदावर त्यांनी काढलेली मूठ बघितली तर फ्रेम करून लावावी असं वाटे. तेच करायला हवं होतं. ती ओतून पितळेची करायची आणि वर पॉलिश करायची असा हट्ट धरला नसता, तर मी त्यांना आजही कलावंत म्हणालो असतो.

पॉलिश ही वरून फासायची वस्तू नव्हे. कापडाचं चाक वेगाने फिरत असतं, त्याला साबणासारख्या वडीचा मसाला लावलेला असतो, आणि माणूस पितळेचा तुकडा हातांत धरून चाकावर दाबतो. चाक जिथे टेकतं तिथे चमक येते. टेकत नाही तिथे येत नाही. हे कळायला विलायतेला जावं लागत नाही. पण त्यातून पुढच्या गोष्टी निघतात आणि त्या डोक्यात ठेवूनच कागदावर रेघ मारावी लागते. आतला कोपरा काटकोनात ठेवला तर चाक दोन्ही भिंतींना टेकतं आणि कोपरा काळा राहतो. बाहेरची कड फार धारदार ठेवली तर चाक ती खाऊन टाकतं, मग एक मूठ दुसरीसारखी दिसत नाही. पृष्ठभागावर भोक असलं की भोकाच्या मागे शेपटीसारखा ओघळ उमटतो. मोठा भाग अगदी सपाट केला तर आरशात लाटा दिसाव्यात तशा त्यावर लाटा दिसतात. तोच किंचित फुगीर ठेवला तर कुणाला काही कळत नाही. एक भाग जाड आणि शेजारचा पातळ असला तर ओतताना आत बारीक भोकं राहतात, आणि पॉलिश करताना ती वर येतात, देवी येऊन गेलेल्या तोंडावरच्या व्रणांसारखी.

चीफसाहेबांच्या मुठीत यातली एकही चूक करायची राहिली नव्हती. मधोमध खोल खड्डा, खड्ड्यात कमळ, कमळाच्या प्रत्येक पाकळीला धार. पॉलिशखात्यात त्या मुठीला ‘जत्रेतली नवरी’ म्हणत.

“आली रे नवरी!” नवा घाणा आला की तिथला मुकादम ओरडायचा. “तोंड सोडून सगळं धुवून काढा हिचं.”

ही माणसंही काही संत नव्हती. घाईघाईने कडा गोल करून टाकायची, चीफसाहेब खाली आले की चाक मुद्दाम जोरात फिरवून काळा मसाला त्यांच्या सदऱ्यावर उडवायची. साहेब नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहत आणि म्हणत, “काम करायची वृत्तीच नाही तुमच्यात. डिझाईन चांगलं आहे, हात वाईट आहेत.” मग वर येऊन त्याच मुठीवर आणखी एक वेल चढवत. मुठी गोदामात पडून राहायच्या, शेठजी ओरडायचे, आणि पॉलिशखात्यातला कुणीतरी घरी जायचा. डिझाईन कधी घरी गेलं नाही.

मी सुरुवातीला सांगून बघत असे. नम्रपणे, चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलने एखादा गोल काढून. साहेब तो गोल खोडरबराने काळजीपूर्वक पुसत आणि भुकटी फुंकून माझ्या बाजूला उडवत.

अशात शेठजींना नातू झाला. म्हणजे चीफसाहेबांना मुलगा झाला, पण कारखान्यात सगळं शेठजींनाच होत असे. त्यांचा देवीला नवस होता. त्यांनी नवी प्रभावळ अर्पण करायचं ठरवलं. जुनी प्रभावळ देवळातून आणवली आणि तिचं पितळ नव्या प्रभावळीत घालायचं म्हणून वितळवली. पुण्याचं काम म्हणून वितळवली. ती मुशीत जाताना मी तिथे होतो. त्या भट्टीत त्या दिवशी जेवढं चांगलं डिझाईन गेलं, तेवढं आमच्या ड्रॉइंगरूममधून माझ्या सगळ्या नोकरीत बाहेर आलं नाही.

नव्या प्रभावळीचं चित्र साहेबांनी आठवडाभर खपून काढलं. मोर होते. मोरांच्या पिसाऱ्यात डोळे होते आणि प्रत्येक डोळ्याला आरपार भोक होतं. वेलींमागे जाळी होती. कमानीला लोंबत्या घंट्या होत्या. पायथ्याशी दोन हत्ती सोंडांनी एक फीत धरून उभे, आणि फितीवर उठावाच्या अक्षरांत शेठजींचं नाव, आडनाव आणि ‘यांजकडून सप्रेम’.

“साहेब,” मी म्हटलं, “ही दर पुनवेला चिंचेने घासतात.”

“का?”

“रिवाज आहे. शिवाय काजळी असते, खारा वारा असतो. या जाळीत बोट जाणार नाही. काडीसुद्धा जाणार नाही.”

“घासायचीच कशाला? वरून लॅकर मारू. जन्मभर चमकेल.”

“लॅकरवर चिंच आणि विटकर लागली तर...”

“मिस्टर,” साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “तुम्ही देवळाच्या पडवीत वाढलात असं मामांनी सांगितलं होतं. पडवी अजून तुमच्या डोक्यातून गेलेली दिसत नाही.”

मामा म्हणजे शेठजी. ड्रॉइंगरूममधले दोघेतिघे हसले. मी माझ्या टेबलावर जाऊन बसलो.

लॅकर म्हणजे पारदर्शक व्हार्निश. बैठकीच्या खोलीतल्या पितळी हरणाला ते शोभतं, कारण त्या हरणाला कुणी हात लावत नाही. पण आमच्या चीफसाहेबांची समजूत अशी, की देवही बैठकीच्या खोलीतच राहतो.

प्रभावळ नवरात्राच्या आधी बसली. लखलखीत दिसत होती, यात शंका नाही. पॉलिशखात्याने डुकराच्या केसांच्या बारीक ब्रशांनी कोपरान् कोपरा खरवडला होता. शेठजींनी भाषण केलं, देवळाच्या पंचांनी भाषणं केली, चीफसाहेबांचा नारळ देऊन सत्कार झाला. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, “काका, हिला चिंच लावू नका. वरून एक थर दिलाय, तो निघेल. फक्त कोरड्या फडक्याने पुसा.”

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती प्रभावळ काढली होती.

“देवीला पुनवेची चिंच लागतीय. ही काय आजची गोष्ट हाय? फडक्यानं पुसाया ती काय मामलेदाराची खुर्ची हाय?”

चूक काकांची नव्हती. शेकडो पुनवा ज्या वस्तूला चिंच लागणार हे सगळ्या गावाला माहीत आहे, ती वस्तू चिंचेला चालणार नाही अशी करणारा माणूस शहाणा आणि तिला चिंच लावणारा अडाणी, असा हिशेब फक्त आमच्या कारखान्यात चालत असे.

काकांनी घासली. वरच्या उंचवट्यांवरचं लॅकर गेलं, खोलगट भागातलं राहिलं, आणि त्याच्या कडांखाली खारी हवा शिरली. होळीपर्यंत देवीच्या पाठीमागे गजकर्ण झाल्यासारखं दिसू लागलं. मोरांच्या डोळ्यांतून हिरवट पाणी ओघळलं. जाळी काळीठिक्कर. हत्तींच्या पायांत मेणचट राड. आणि शेठजींच्या नावाच्या अक्षराअक्षरांमध्ये हिरवा गंज साठला, तो इतका ठळक की नाव पूर्वीपेक्षा लांबून वाचता येऊ लागलं.

शेठजी दर्शनाला गेले आणि ते बघून भडकले. पंच त्यांच्याहून जास्त भडकले, कारण सभामंडपाच्या नव्या पत्र्याचं शेठजींनी कबूल केलेलं होतं. पंचांचे अध्यक्ष कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल लिहून काढल्यामुळे त्यांना आपण स्वतः न्याय देतो असं वाटायला लागलं होतं. त्यांनी ठरवलं की गुरवाने हयगयीने देवीच्या वस्तूचं नुकसान केलं. पाडव्यानंतर बैठक बोलवायची, काकांना सेवेतून काढायचं, देवळामागची खोली रिकामी करून घ्यायची, आणि दिघीच्या बाजूचा एक तरुण गुरव आणायचा.

काकांच्या घरात ती सेवा किती पिढ्या चालत आली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या खोलीखेरीज त्यांना दुसरं घर नव्हतं. मला हे कळलं ते बंदरावरून ये-जा करणाऱ्या लाँचच्या तांडेलाकडून. काकांनी निरोप पाठवला होता तो एवढाच: “आमच्या पडवीतल्या साहेबाला सांग, तुझ्या कारखान्याच्या नवरीनं माझा संसार उठिवला.”

मी रजा मागितली. चीफसाहेब म्हणाले, “मीसुद्धा मामांबरोबर तिकडेच चाललोय. तुमचं तिथे काय काम?” मी म्हटलं, “पडवीत जाऊन येतो.” माझ्या तोंडून साहेबांपुढे निघालेलं हे पहिलं वाकडं उत्तर. नोकरी गेली तर आमच्या घरचा पहिला पदवीधर परत भात लावायला जाणार, हे मला दिसत होतं. पण ज्या पडवीवर उभं राहून मी पदवीपर्यंत पोचलो, तीच आता उखडली जात होती.

बैठक दुपारी सभामंडपात भरली. पंच जाजमावर, शेठजी आणि चीफसाहेब खुर्च्यांवर, काका खांबाशी नेहमीसारखे टेकून. विडी तेवढी नव्हती. अध्यक्षांनी आरोप वाचावा तसा ठराव वाचला. काकांना विचारलं, “काही म्हणायचंय?”

“घासली,” काका म्हणाले. “घासायचीच व्हती.”

“घासून नास केलात.”

“मग न घासता नास झाला आसता. बगा काय ते.”

मी उठलो. एका हातात कालवलेल्या चिंचेचं वाडगं, दुसऱ्या हातात काथ्या. सकाळीच तयार करून ठेवलं होतं. पायथ्याची हत्तींची पट्टी स्क्रूंवर बसवलेली होती, ती मी आधीच सोडवून घेतली होती. पट्टी जाजमावर ठेवली आणि म्हटलं, “गुरवांनी वाईट घासली असेल. चांगली कशी घासायची ते चीफसाहेबांनी एकदा दाखवावं. चिंच आहे, काथ्या आहे. हवी तर विटकरही आणतो.”

चीफसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. “व्हॉट नॉन्सेन्स! हे माझं काम आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “पण ज्याचं काम आहे त्याला तुम्ही घरी पाठवताय.”

“तू खाली बस रे,” अध्यक्ष म्हणाले.

“बसतो. पट्टी साफ झाली की बसतो.”

मागे दारात कोळणी आणि पोरं जमली होती. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, “जावयबापू, सासऱ्याचं नाव काळं पडलंय, तेवढं तरी धुवा!” सगळा मंडप हसला.

हसू शेठजींना लागलं. ते खुर्चीतून उठले, कोटाची बाही मागे सारली आणि जाजमावर बसले. “अरे हो बाजूला. मी ह्याच देवळात लहानाचा मोठा झालो. मला शिकवता काय चिंच?” त्यांनी काथ्या उचलला. मोर नाही, हत्ती नाही. सरळ आपल्या नावावर गेले. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. देवीच्या पाठीशी एवढं सगळं काळं पडलेलं असताना त्यांना दिसत होतं ते तेवढंच. काथ्या अक्षरांवरून नुसता घसरत होता, म्हणून त्यांनी तो टाकला आणि अंगठा घातला. जोर लावला. उठावाच्या अक्षराची धार साहेबांनी फारच सुबक ठेवलेली होती.

“आई गं!”

अंगठा कापला. रक्ताचा थेंब पट्टीवर पडला आणि पंचांत धावपळ उडाली. देवीच्या वस्तूला रक्त लागलं, आता शुद्धी करायला हवी, भटजींना बोलवा, कुणीतरी पाणी आणा. चिंचेची आंबट धार जखमेत गेली होती, त्यामुळे शेठजी अंगठा तोंडात घालून थुंकत होते. शिरस्तेदार ठरावाचा कागद घेऊन उभे राहिले आणि मग बसले.

“जावयबापू,” शेठजी अंगठा बाहेर काढून म्हणाले, “हे काय नाव केलंय का कोयता?”

“मामा, लॅकर काढलं नसतं तर...”

“लॅकरला घाला चुलीत! नाव कुठे साफ होतंय? सांगा ना, कुठे होतंय?”

काकांनी एवढ्या वेळात प्रथमच मान वळवली. “शेठ, आता कळलं न्हवं? बोट जात न्हाय.”

असा न्याय झाला. काका निर्दोष आहेत असं कुणी म्हटलं नाही. ठराव मागे घेतल्याची नोंदही झाली नाही. अध्यक्षांनी एवढंच सांगितलं, की शेठजींच्या इच्छेला मान देऊन गुरवाला या खेपेला माफ करण्यात येत आहे. न केलेल्या गुन्ह्याची माफी काकांनी घेतली, कारण खोली हवी होती. बाहेर येऊन त्यांनी विडी पेटवली आणि मला म्हणाले, “ह्या शिरस्तेदाराला चिंचंत बुडवून ठिवला पायजे. पर आत काय निघनार? गंजच.”

शेठजींनी आणखी एक प्रभावळ करायचं फर्मावलं. या वेळी चित्र मी काढलं. चीफसाहेबांनी ते न बघता सही केली, कारण बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. जुन्या प्रभावळीतलं काही मला आठवावं लागलं नाही. हात तिथेच जात होता. कमान जाड आणि सगळीकडे सारख्याच जाडीची, म्हणजे ओतताना भोकं पडणार नाहीत. आतला प्रत्येक कोपरा अंगठ्याच्या गोलाईचा. आरपार भोक एकही नाही. वेल हवी म्हणाले, तर वेल दिली, पण पाण्यावर उमटणाऱ्या तरंगाएवढीच उंच. तीन भाग वेगवेगळे पॉलिश करून मग जोडायचे, आणि सांधे मागून. मागची बाजू खडबडीतच ठेवली. जे कुणाला दिसत नाही त्यावर माणसांचे हात झिजवायचे नाहीत. पॉलिशखात्यात कच्चा माल उतरला तेव्हा मुकादमाने कमानीवरून हात फिरवला आणि विचारलं, “ही नवरी कोणाची? हिला दागिनेच नाहीत.” संध्याकाळच्या आत कमान चमकून तयार झाली.

नावाबद्दल मात्र शेठजी ऐकेनात. नाव समोरच हवं, ठळक हवं, पूर्वीपेक्षा मोठं हवं. फक्त धार नको. मी म्हटलं, जशी आज्ञा. अक्षरं उठावाची न करता कोरीव केली. उथळ, रुंद, गोल तळाची. त्यांत मळ साठत नाही, अंगठा वरून सरळ निघून जातो. शेठजींनी बरा झालेला अंगठा त्यावरून फिरवून पाहिला. “वा!” ते म्हणाले. “आता कसं!”

प्रभावळ बसवताना भाषणात डिझाईनचं श्रेय चीफसाहेबांना मिळालं, असं मला नंतर समजलं. मला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. काकांना अक्षर लावून लावून वाचता येत असे, म्हणून मी त्यांना मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं, ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला लागू नये अशा बेताने. ते पत्र असं:

*तीर्थरूप काकांना,*

*पडवीतल्या पोराचा नमस्कार. प्रभावळ नीट बसली असं तांडेल सांगत होता. भाषणं झाली म्हणे. तुम्ही खांबाला टेकून झोपला होतात असंही तो म्हणाला. चांगलं केलंत.*

*हिच्यावर कसलाही थर दिलेला नाही. चिंच खुशाल लावा. कमानीवर हात वरून खाली चालवा, आडवा चालवू नका, रेघा दिसतील. तारेचा ब्रश कुणी आणून दिला तर खाडीत टाका. धुतल्यावर पाणी राहू देऊ नका. मागच्या बाजूला हात लावू नका, ती तशीच आहे. कुठे अंगठा अडला तर मला कळवा. तुम्ही शिव्या देऊन कळवाल, तेवढं कळेल.*

*पायथ्याशी शेठजींचं नाव आहे. ते त्यांच्या मनासारखं ठळक झालं आहे. अक्षरं उथळ आहेत आणि पितळ मऊ आहे. तिथे चिंच भरपूर घ्या, विटकरीची भुकटीही घ्या, आणि हात आखडू नका. दर पुनवेला. तुमच्याच्याने होईल तेवढं तुम्ही करा, राहील ते पुढचा गुरव करील. जुनीच्या पायथ्याशी देणाऱ्याच्या नावाचं काय उरलं होतं ते तुम्हाला आठवत असेल.*

*मी तुमच्याकडे राहून शिकलो, म्हणून आज घरी भाकरी आहे. ती खोली तुमच्याकडे राहिली, एवढ्यावर माझं समाधान आहे.*

*वैशाखी पुनवेच्या आदल्या दिवशी येतो. नावाकडची बाजू माझ्यासाठी ठेवा.*